फुलकोबी

शालिक बडगुजर उभा राहिला
तेव्हा दोंडाईच्याच्या मार्केटात मिरची तेजीत होती
आणि मान वर करायला कुणाला फुरसत नव्हती.

मी आडतीवर खाती लिहितो,
म्हणून मला विचारलं त्याने, उंबऱ्याबाहेर चप्पल काढून:
"आप्पा, कितला चान्स शे मना?"

मी कोऱ्या पट्टीवर मांडून दाखवलं.
समोरचे पाच वेळचे. वडील धरले तर आठ.
सूतगिरणी त्यांची, दूध संघ त्यांचा,
शाळा त्यांच्या, शाळेतले मास्तर त्यांचे,
मास्तरांच्या बदल्याही त्यांच्याच.
दहाव्याला पिंडाला कावळा शिवायच्या आधी
त्यांची पांढरी गाडी नदीवर हजर.
तुझ्या बाजूला काय लिहू?
तेहतीस वर्षं एसटीत वाहक,
मेहुण्याचा टेम्पो, डिझेल आपलं,
आणि बारावीच्या मुलींसाठी संध्याकाळची सहा-दहाची गाडी
पुन्हा सुरू करा, हा एवढाच जाहीरनामा.

बाकी: शून्य पूर्णांक काहीतरी.
त्याने पट्टीची घडी घातली
आणि वरच्या खिशात ठेवली, जपून,
पुढे कुणी मागेल अशी.

निशाणी शिट्टी मागितली होती.
चिठ्ठीत ती तिसऱ्याच्याच नावावर निघाली.
शालिकला फुलकोबी.
खानदेशात, भरताच्या मुलखात, कोबी!
"वांगं तरी मागतास भो!" म्हणत
बसस्टँडवरचा पानवाला ठसका लागेपर्यंत हसला.
शालिकही हसला, आणि त्याच्याच हातात पहिलं पत्रक दिलं.

टेम्पोत तो उभाच असायचा, दांडीला धरून.
भाषण सुरू करताना सवयीने तोंडून निघायचं,
"पुढे सरका, पुढे सरका,"
आणि सात-आठ माणसं खरंच पुढे सरकायची.

एका रात्री चौकात त्यांची मिरवणूक आडवी आली.
डीजे थांबला. झेंडे बाजूला झाले.
आम्हाला आधी जाऊ दिलं त्यांनी,
जसं तिरडीला देतात.

मोजणी गोदामात. आदल्या आठवड्यापर्यंत तिथे मिरची होती,
अधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळे शिंकत होते.
मी जाळीला नाक लावून लिहीत होतो:
नऊ. चार. सतरा. शून्य. अकरा.
माझ्या स्वतःच्या बूथवर चार.
तिसऱ्या फेरीलाच बाहेर गुलाल उडाला,
आमच्या शेजारचा प्रतिनिधी जेवायला गेला तो गेलाच.

चौदाव्या फेरीत हिंगोणेपाडा. एकसष्ट.
मी पुन्हा विचारलं. ती बाई वैतागून म्हणाली, एकसष्ट.
हिंगोणेपाड्याला आम्ही गेलोच नव्हतो,
त्या दिवशी टेम्पोचा पट्टा तुटला होता
आणि पत्रकं पावसाच्या ताडपत्रीखाली तशीच पडून होती.

एकूण अठराशे बारा. अनामत जप्त.
"निवडी येवाव नही, हाई माले बी म्हाइत व्हतं," तो म्हणाला,
आणि मग कितीतरी वेळाने,
"पण एकसष्ट?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाला.
फाट्यापासून पुढे चार किलोमीटर पायी,
कारण ती गाडी अजून बंदच आहे.
घरोघर फिरला. कुणी पाणी दिलं, कुणी बोरं.
मत दिलं असं कुणीच म्हणालं नाही.
बिजलीच्या खांबावर, पारावर, पिठाच्या गिरणीवर
पांढऱ्या गाडीचेच फोटो.

संध्याकाळी आडतीवर येऊन बसला,
पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.
म्हणाला, "आप्पा, समदा खालेच देखेत.
चेकर चढना म्हणजे
बिगर तिकिटना लोके कसा खाले देखतस, तसा.
पण ह्यासनी ते तिकीट काढेल शे ना?
मंग काबर लपाडतस?"

मी काही बोललो नाही.
तो माझ्याकडे बघत होता.
मी वहीत बघत होतो,
कालच्या तारखेची बेरीज
दुसऱ्यांदा करत.